विश्लेषण : नामदार गोखल्यांना जडलेला ‘हृदयाचा दमा’ आज ‘टूडी इको’त कसा दिसला असता?

१९ फेब्रुवारी म्हटले की महाराष्ट्राला शिवजयंती आठवते. पुण्यात त्या दिवशी ढोल-ताशे आणि मिरवणुकांची धामधूम असते. याच तारखेला, १९१५ साली, पुण्यातल्याच भारत सेवक समाजाच्या आवारात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी अखेरचा श्वास घेतला. तेव्हा त्यांचे वय होते ४८ वर्षे. त्यांच्या मृत्यूचे कारण मधुमेह आणि ‘कार्डिअ‍ॅक अस्थमा’ म्हणजेच हृदयाचा दमा असे सांगितले जाते. नावात दमा असला, तरी हा आजार फुप्फुसाचा नाही. आजही अनेक घरांत अशी धाप ‘दमाच असेल’ म्हणून अंगावर काढली जाते.

गोखल्यांच्या हयातीत एक्स-रेचा शोध लागला, ईसीजीचे यंत्र आले, रक्तदाब मोजण्याची पद्धत आली. तरीही धडधडणाऱ्या हृदयाच्या आत काय चालले आहे, हे पाहण्याची सोय डॉक्टरांकडे नव्हती. ती सोय म्हणजे आजची ‘टूडी इको’ तपासणी. ती नसताना गोखले कसे जगले, आजाराने त्यांना कसे गाठले आणि तसाच रुग्ण आज पुण्यातल्या डॉक्टरांकडे गेला तर काय होते, हे समजून घेऊ.

कोतळूक ते फर्ग्युसन : सुरुवात कशी झाली?

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे झाला. वडील कृष्णराव कोल्हापूर संस्थानातील कागल येथे नोकरीला होते. ते लवकर गेले आणि घराचा भार थोरले बंधू गोविंदराव यांच्यावर आला. त्यांनी स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरली आणि धाकट्या भावाला शिकवले. गोखले मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ मध्ये बी. ए. झाले.

त्यानंतर ते पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असे जे वाट्याला येईल ते त्यांनी शिकवले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तकही गाजले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या हाताखाली त्यांनी सरकारी अहवाल आणि आकडेवारी वाचायची शिस्त अंगी बाणवली. एका-एका निवेदनासाठी रात्री जागायच्या, आकडे पुन्हा पुन्हा तपासायचे, चूक राहिली तर स्वतःला माफ करायचे नाही, असा त्यांचा स्वभाव बनला. हाच स्वभाव त्यांना मोठेपणाकडे घेऊन गेला आणि प्रकृतीची हेळसांडही याच स्वभावामुळे झाली.

१८९७ मध्ये कॅले स्थानकावर काय घडले?

हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले १८९७ मध्ये प्रथमच इंग्लंडला निघाले. सोबत दिनशा वाच्छा होते. तेव्हा गोखले ३० वर्षांचे होते. वाटेत फ्रान्समधल्या कॅले येथे त्यांना अपघात झाला आणि छातीला मार लागला. त्यांनी याची वाच्यता केली नाही. परक्या देशात आपल्यामुळे कोणाला त्रास नको, असा त्यांचा संकोच होता.

लंडनला पोहोचल्यावर दुखणे लपवणे अशक्य झाले. तेव्हा डॉक्टरांना बोलावण्यात आले. हृदयाला इजा झाल्याचे निदान झाले आणि सक्तीची विश्रांती सांगण्यात आली. दादाभाई नौरोजींच्या स्नेही काँग्रीव्ह बाईंनी त्यांची घरच्यासारखी शुश्रूषा केली. त्यातून उठून एप्रिलमध्ये गोखल्यांनी आयोगापुढे साक्ष दिली. लष्करी खर्चापासून शिक्षणावरच्या तरतुदीपर्यंतचे आकडे त्यांनी मांडले आणि उलटतपासणीला तोंड दिले. याच साक्षीमुळे त्यांचे नाव देशभर झाले.

तेव्हा डॉक्टरांना हृदय ‘दिसत’ होते का?

फारच थोडे. स्टेथोस्कोप १८१६ पासून होता. छातीवर बोटांनी ठोकून येणाऱ्या आवाजावरून हृदय किती मोठे झाले आहे, याचा अंदाज बांधला जाई. पायाला सूज आहे का, मानेच्या शिरा फुगल्या आहेत का, हे डोळ्यांनी पाहायचे. रक्तदाब मोजायचा दंडपट्टा इटलीत १८९६ मध्ये नुकताच तयार झाला होता.

विल्हेल्म रोंटगेन यांनी एक्स-रेचा शोध नोव्हेंबर १८९५ मध्ये लावला. म्हणजे कॅलेचा अपघात झाला तेव्हा हे तंत्र जेमतेम सव्वा वर्षाचे होते. पुढे छातीचा एक्स-रे सर्वत्र रुळला, पण त्याची मर्यादा आजही तीच आहे. एक्स-रेत हृदयाची सावली दिसते. सावली मोठी आहे की लहान, फुप्फुसात पाणी साचले आहे का, हे कळते. पण आतल्या झडपा, कप्प्यांच्या भिंती आणि त्यांची हालचाल दिसत नाही. घराच्या पडद्यावर पडलेल्या सावलीवरून आत माणूस आहे हे कळावे, पण तो काय करतो आहे ते कळू नये, तसे हे आहे.

छातीला जोराचा मार लागलेल्या रुग्णाची आज इको तपासणी केली जाते. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त किंवा पाणी साचले आहे का, एखादी झडप फाटली आहे का, स्नायूचा एखादा भाग नीट आकुंचन पावत नाही का, हे काही मिनिटांत कळते. गोखल्यांच्या डॉक्टरांना मात्र नाडी, आवाज आणि रुग्णाची धाप एवढ्यावरच निर्णय घ्यावा लागला.

कॅलेच्या अपघाताचा आणि १८ वर्षांनंतरच्या मृत्यूचा थेट संबंध जोडण्याचा मोह होतो. वैद्यकीयदृष्ट्या तो जोडणे योग्य नाही. मधल्या काळात मधुमेह जडला होता आणि मधुमेह हे हृदयाच्या आजाराचे स्वतंत्र आणि मोठे कारण आहे.

विश्रांती का मिळाली नाही?

इंग्लंडहून परतताच गोखल्यांसमोर वादळ उभे होते. पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात सैनिकांनी केलेल्या अत्याचारांबद्दल त्यांनी इंग्लंडमध्ये जाहीर आरोप केले होते. परतल्यावर साक्षीदार पुढे येईनात. गोखल्यांनी सरकारची आणि सैनिकांची माफी मागितली. त्यावरून त्यांच्यावर जहरी टीका झाली. त्यांनी उत्तर दिले ते प्लेगच्या मदतकार्यात स्वतःला झोकून देऊन.

१८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळात गेले. १९०२ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त होऊन ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात दाखल झाले. मार्च १९०२ मधील त्यांचे पहिले अर्थसंकल्पीय भाषण गाजले. सरकारी तिजोरीत शिल्लक असताना मीठावरचा कर का कमी होत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. दरवर्षी मार्च जवळ आला की भाषणाच्या तयारीत त्यांची झोप उडे.

१२ जून १९०५ रोजी पहाटे फर्ग्युसन महाविद्यालयामागच्या टेकडीवर त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी ते बनारस काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९०५, १९०६ आणि १९०८ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या वाऱ्या केल्या. बोटीचा प्रवास, थंडी, अनियमित जेवण, राजकीय भेटीगाठी आणि रात्रीचे लिखाण असा तो दिनक्रम होता. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशाला त्यानंतर ९७ वर्षांनी, २००९ मध्ये मिळाला.

टॉलस्टॉय फार्मवरची रात्र

ऑक्टोबर १९१२ मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेला गेले. तिथल्या भारतीयांच्या लढ्याची पाहणी करायची होती. संपूर्ण दौऱ्यात मोहनदास गांधी त्यांच्यासोबत होते. जोहान्सबर्गजवळच्या टॉलस्टॉय फार्मवर गोखल्यांनी मुक्काम केला. फार्म स्थानकापासून सुमारे दीड मैल दूर होता. ते अंतर त्यांनी चालत कापले आणि त्यात पाऊस आला. गोखल्यांना थंडी बाधली.

फार्मवर सगळे जमिनीवर झोपत. पाहुण्यासाठी खाट आणली होती, पण गोखल्यांनी ती नाकारली. पाय चेपून देण्याची गांधींची आणि हर्मन कॅलनबाख यांची विनंतीही त्यांनी धुडकावली. गांधींनी ही आठवण पुढे मोठ्या अपराधी भावनेने लिहून ठेवली. इतक्या नाजूक प्रकृतीच्या माणसाला आपण चालवत आणले, ही खंत त्यांना राहिली.

धाप, थंडी सहन न होणे, थोड्या श्रमाने थकवा ही लक्षणे अनेक आजारांत दिसतात. पण मधुमेह असलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसात ती दिसली तर आजचा डॉक्टर आधी हृदयाची तपासणी सांगतो. मधुमेहात मज्जातंतूंवर परिणाम होत असल्याने हृदयाला रक्त कमी पडत असूनही छातीत कळ येत नाही, असे होऊ शकते. फक्त दम लागतो. म्हणून ‘छातीत दुखत नाही, म्हणजे हृदय ठीक आहे’ हा समज मधुमेहींसाठी धोक्याचा ठरतो.

लंडनमध्ये ईसीजी होता, मग काय अडले?

१९१२ मध्ये नेमलेल्या सरकारी नोकऱ्यांविषयीच्या आयोगावर गोखले सदस्य होते. त्या कामासाठी १९१३ आणि १९१४ मध्ये त्यांना लंडनला जावे लागले. प्रकृती खालावत होती, पण आयोगाचे काम त्यांनी सोडले नाही. १९१४ मध्ये सरकारने देऊ केलेला ‘सर’ हा किताब त्यांनी नाकारला.

त्या वेळी लंडनमध्ये हृदयविकारावर जगातले आघाडीचे संशोधन चालू होते. नेदरलँड्सचे विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईसीजी यंत्र तयार केले होते. पहिले यंत्र सुमारे २७० किलोचे होते. ते चालवायला पाच माणसे लागत आणि रुग्णाला हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. १९१० नंतर लंडनच्या मोजक्या इस्पितळांत अशी यंत्रे आली होती.

पण ईसीजी हृदयातल्या विजेचा आलेख काढतो. ठोके नियमित आहेत का, स्नायूला इजा झाली आहे का, याचा तो अंदाज देतो. घरातल्या पंपाच्या मोटारीला वीज नीट मिळते आहे, हे टेस्टरने कळते. टाकीत पाणी किती चढते आहे, हे मात्र वर जाऊन बघावे लागते. हृदयाच्या बाबतीत ‘वर जाऊन बघायची’ सोय १९१४ मध्ये नव्हती.

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. प्रकृतीच्या कारणासाठी फ्रान्सला गेलेले गोखले पॅरिसमध्ये अडकले. त्यांना भेटायला आफ्रिकेतून लंडनला आलेल्या गांधींना त्यांची वाट पाहावी लागली. शेवटी भेट झाली, पण लंडनचे धुके गोखल्यांना सोसेना आणि ते हिंदुस्थानात परतले.

‘हृदयाचा दमा’ म्हणजे नेमके काय?

हृदयाचा डावा खालचा कप्पा शरीराला रक्त पुरवतो. तो अशक्त झाला किंवा ताठर झाला की रक्त पुढे नीट जात नाही. मागे, म्हणजे फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत, दाब वाढतो. दाब वाढला की द्रव पाझरून फुप्फुसांत उतरतो. श्वासनलिका सुजतात, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो आणि दम्यासारखेच दिसते.

हा त्रास बहुतेक वेळा रात्री का होतो? आपण आडवे झालो की पायांत उतरलेले रक्त आणि द्रव परत छातीकडे येतो. निरोगी हृदय हा भार सहज उचलते. अशक्त हृदयाला तो पेलत नाही. रुग्ण झोपल्यावर तासा-दोन तासांत गुदमरून उठतो, उठून बसतो, खिडकीकडे जातो. बसल्यावर बरे वाटते. हळूहळू एका उशीच्या दोन उशा होतात, मग तीन. शेवटी खुर्चीत बसूनच रात्र काढावी लागते.

दम्याचा पंप आणि हृदयाच्या दम्याचे औषध वेगळे आहे. म्हणून फरक ओळखणे जीव वाचवणारे ठरते. १९१५ मध्ये वैद्यकशास्त्राकडे डिजिटॅलिस ही वनस्पतीजन्य औषधी, अफूपासूनचे मॉर्फिन आणि विश्रांती एवढीच साधने होती. आज शरीरातले जादा पाणी काढणारी जी गोळी सर्रास दिली जाते, ती १९६० च्या दशकात आली. मधुमेहावरचे इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचले गेले ते जानेवारी १९२२ मध्ये, गोखल्यांच्या मृत्यूनंतर जवळपास सात वर्षांनी.

शेवटचे दिवस कसे होते?

९ जानेवारी १९१५ रोजी गांधी मुंबईत उतरले. गोखले आजारी असूनही त्यांच्या स्वागताला मुंबईत गेले. फेब्रुवारीत गांधी पुण्याला आले. भारत सेवक समाजात त्यांनी सदस्य व्हावे, अशी गोखल्यांची इच्छा होती. काही सदस्यांना विचारांतल्या अंतरामुळे ते पटत नव्हते. गोखल्यांनी गांधींना वर्षभर देश फिरून पाहण्याचा आणि तोवर जाहीर बोलणे टाळण्याचा सल्ला दिला.

समाजाच्या आवारात गांधींसाठी छोटासा अल्पोपाहार ठेवला होता. शेंगदाणे, खजूर, फळे असा बेत होता. जागा गोखल्यांच्या खोलीपासून काही पावलांवर होती. एवढे अंतर चालण्याचीही त्यांची स्थिती नव्हती, तरी ते आले. आले आणि त्यांना घेरी आली. त्यांना उचलून खोलीत न्यावे लागले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी निरोप पाठवला की कार्यक्रम थांबवू नका. अशा घेऱ्या त्यांना अधूनमधून येत असत.

त्याच काळात मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या विनंतीवरून त्यांनी पुढच्या राजकीय सुधारणांचा आराखडा पेन्सिलीने लिहून काढला. प्रांतांना अधिक स्वायत्तता, कायदेमंडळात निवडून आलेल्यांची संख्या जास्त, असे त्यातले मुद्दे होते. तो १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ‘गोखल्यांचे राजकीय मृत्युपत्र’ म्हणून ओळखला गेला.

१९ फेब्रुवारीच्या रात्री गोखले गेले. मागे दोन मुली होत्या. गांधी तेव्हा शांतिनिकेतनात होते. बातमी कळताच ते पुण्याला निघाले. लोकमान्य टिळक सिंहगडावर होते. ते खाली आले आणि अंत्यसंस्काराच्या वेळी त्यांनी आयुष्यभराच्या प्रतिस्पर्ध्याला मनापासून श्रद्धांजली वाहिली.

जहाजाच्या कारखान्यातून हृदयापर्यंत : इको कसा आला?

गोखल्यांच्या मृत्यूनंतर ३८ वर्षांनी हृदयाचा पडदा उघडला आणि त्याची सुरुवात एका जहाजबांधणी कारखान्यातून झाली. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हे हृदयरोगतज्ज्ञ होते. शस्त्रक्रियेआधी झडपेची अवस्था कळावी, असा मार्ग ते शोधत होते. तिथलेच भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेल्मुट हर्ट्झ यांना माल्मो येथील कारखान्यातले एक यंत्र ठाऊक होते. लोखंडाच्या पत्र्यात आणि जोडांत तडा आहे का, हे ते ध्वनिलहरींनी तपासत असे. ते यंत्र त्यांनी काही काळासाठी मागून आणले. २९ ऑक्टोबर १९५३ रोजी या तंत्राने जिवंत हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद झाली.

तत्त्व साधे आहे. माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंपनसंख्येच्या लहरी छातीतून आत पाठवायच्या. शरीरातल्या मऊ भागांत त्या सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातात. दहा सेंटिमीटर खोलवरच्या भिंतीवर आपटून त्या सुमारे ०.१३ मिलिसेकंदात परत येतात. किती वेळात परत आल्या, यावरून भिंत किती लांब आहे ते काढायचे. हे सेकंदाला हजारो वेळा केले की पडद्यावर हलते चित्र उमटते. यात किरणोत्सर्ग नाही, सुई नाही.

पुढे ‘डॉपलर’ आले. सायरन वाजवत रुग्णवाहिका जवळ येते तेव्हा आवाज चढा वाटतो आणि दूर जाताना उतरतो. रक्तपेशींवरून परतणाऱ्या लहरींतही तसाच फरक पडतो. त्यावरून रक्त कोणत्या दिशेला आणि किती वेगाने वाहते, ते कळते. झडप गळकी असेल तर उलटे वाहणारे रक्त पडद्यावर वेगळ्या रंगात दिसते.

आज असा रुग्ण आला तर काय होते?

समजा, ४८ वर्षांचा, मधुमेह असलेला, रात्री गुदमरून उठणारा रुग्ण आज पुण्यातल्या डॉक्टरांसमोर बसला आहे. सर्वसाधारणपणे तपासण्यांचा क्रम असा असतो.

ईसीजी आणि छातीचा एक्स-रे : हृदयाचे ठोके, जुन्या झटक्याच्या खुणा, हृदयाचा आकार आणि फुप्फुसातले पाणी कळते.

रक्ततपासणी : हृदयावर ताण आला की ‘बीएनपी’ गटातील द्रव्ये रक्तात वाढतात. दमा की हृदय, हा प्रश्न सोडवायला त्यांची मदत होते. साखर, मूत्रपिंडाचे कार्य आणि हिमोग्लोबिनही पाहिले जाते.

टूडी इको : ही मुख्य तपासणी. साधारण अर्ध्या तासात होते. भिंतींची जाडी, झडपा, आतला दाब आणि ‘पंपिंग’ कळते. डॉक्टर ज्याला पंपिंग म्हणतात ते म्हणजे ‘इजेक्शन फ्रॅक्शन’. डाव्या कप्प्यात १०० मिलिलिटर रक्त भरले आणि एका ठोक्यात ६० बाहेर गेले, तर पंपिंग ६० टक्के. ते कधीच १०० टक्के नसते, त्यामुळे अहवालात ६० पाहून घाबरू नये. ४० किंवा त्याहून कमी असेल तर पंपिंग स्पष्टपणे घटलेले मानतात.

पंपिंग ५० च्या वर असूनही हृदय निकामी होऊ शकते. तेव्हा स्नायू ताठर झालेला असतो. तो पिळतो नीट, पण सैल पडून भरत नाही. मधुमेह आणि उच्च रक्तदाब असलेल्यांत हा प्रकार बराच आढळतो. म्हणून इकोच्या अहवालातला फक्त एक आकडा पाहून ‘सगळे नॉर्मल’ असा निष्कर्ष काढू नये.

अँजिओग्राफी : हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांत अडथळा असल्याची शंका असेल तर ही केली जाते. जर्मनीचे वेर्नर फोर्समन यांनी १९२९ मध्ये स्वतःच्या हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि एक्स-रे काढून ते सिद्ध केले. हृदयाच्या वाहिनीत थेट रंगद्रव्य सोडून चित्र घेण्याचे तंत्र अमेरिकेत मेसन सोन्स यांच्या हातून १९५८ मध्ये चुकून सापडले. मूत्रपिंड कमजोर असेल तर रंगद्रव्य देण्याआधी विशेष काळजी घेतात.

एमआरआय आणि सीटी : स्नायूत व्रण आहे का, सूज आहे का, हे एमआरआय उत्तम दाखवतो. सीटी अँजिओग्राफीत नळी न घालता वाहिन्या पाहता येतात. या तपासण्या सर्वांना लागत नाहीत. आधीच्या तपासण्यांतून प्रश्न उरला तरच त्या सांगितल्या जातात.

चित्र दिसल्याने उपचार बदलतात का?

बदलतात. झडप खराब असेल तर दुरुस्ती किंवा बदल. वाहिनी बंद असेल तर स्टेंट किंवा बायपास. पंपिंग घटले असेल तर चार गटांतील औषधे एकत्र. औषधे सुरू केल्यावर साधारण तीन महिन्यांनी इको पुन्हा करतात. अनेकांचे पंपिंग सुधारलेले दिसते. ते ३५ टक्के किंवा त्याखालीच राहिले, तर अचानक मृत्यू टाळण्यासाठी छातीत बसवायच्या यंत्राचा विचार होतो. म्हणजे इको फक्त निदानासाठी नसतो, उपचाराची दिशाही तो ठरवतो.

या चार गटांपैकी एक औषध मूळचे मधुमेहाचे आहे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकण्यासाठी तयार झाली. मधुमेहींच्या चाचण्यांत त्यांचा हृदयालाही फायदा होताना दिसला. २०१९ नंतरच्या मोठ्या चाचण्यांत मधुमेह नसलेल्या, हृदय कमजोर झालेल्या रुग्णांनाही त्यांचा उपयोग झाला. गोखल्यांना एकाच वेळी छळणारे दोन्ही आजार आज काही अंशी एकाच गोळीच्या कक्षेत आले आहेत. अर्थात, ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घ्यायची नाहीत.

डॉक्टरांकडे कधी जावे?

• आडवे झाल्यावर दम लागतो आणि बसल्यावर बरे वाटते.
• रात्री झोपेतून गुदमरून जाग येते, उशा वाढवाव्या लागतात.
• संध्याकाळी घोटे सुजतात, बोटाने दाबल्यावर खळगा राहतो.
• तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वजन वाढते.
• काल जो जिना किंवा चढ सहज चढत होतो, तो आज थांबत थांबत चढावा लागतो.
• चक्कर किंवा घेरी येते.

मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असेल आणि यातले एकही लक्षण दिसले, तर तपासणी पुढे ढकलू नये. विश्रांती घेत असतानाही धाप लागत असेल, ओठ निळसर पडत असतील किंवा छातीत दाब येत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे; १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

गोखल्यांनी ज्या टेकडीवर समाजाची स्थापना केली, तिथे आजही रोज सकाळी पुणेकर फिरायला जातात. भारत सेवक समाजाच्या आवारात १९३० पासून गोखले अर्थशास्त्र संस्था उभी आहे. गोखल्यांनी तिशीत छातीचे दुखणे लपवले आणि पुढेही कामापुढे प्रकृतीची पर्वा केली नाही. पण त्यांनी वेळेवर सांगितले असते, तरी त्या काळच्या डॉक्टरांना फार काही करता आले नसते. आपल्या बाबतीत तसे नाही. टेकडीचा नेहमीचा चढ अचानक जड वाटू लागला, तर घरी आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. निदान आणि उपचारांसाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)